नीलांबरी माईंची जलपरीक्षा

आसावरी काकूंच्या बेसमेंटमध्ये त्या शनिवारी इतक्या बायका जमल्या होत्या, की जिन्याच्या पायऱ्यांवरसुद्धा पैठण्या दाटीवाटीने बसल्या होत्या. वर दाराशी बर्फात भिजलेल्या बुटांचा ढीग, खाली अत्तराचा घमघमाट, आणि प्रत्येकीच्या हातात आपापल्या घरच्या नळाच्या पाण्याची एकेक बाटली! 'हळदीकुंकवाला येताना पाणी घेऊन या' असं निमंत्रण अमेरिकेतल्या आमच्या नोव्हाय गावात त्याआधी कोणी दिलं नव्हतं. २००६ सालच्या जानेवारीतली ही गोष्ट. आईने माझ्या हातात गुलाबदाणी दिली होती, त्यामुळे मला सगळीकडे फिरायची आणि सगळं जवळून बघायची मोकळीक होती.

मधोमध चौरंगावर एक पितळी पेटी. तिच्यावर ज्योतीच्या आकाराचा इवलासा दिवा, पुढून निघालेल्या दोन काळपट दांड्या, आणि मागून एक वायर मुकाट्याने भिंतीतल्या प्लगपर्यंत गेलेली. पेटीमागे नीलांबरी माई. पांढरी साडी, ठसठशीत कुंकू, आणि आवाज असा की माइकची गरजच नाही.

"लेकींनो, नळाला पाणी येतं असं तुम्हाला वाटतं. नळाला घराचं मन येतं! मनात जे साचलंय, ते पाण्यात उतरतं. बघा आता."

त्यांनी आधी आपल्या चांदीच्या तांब्यातलं पाणी ग्लासात ओतलं. ते म्हणे अमृत, त्यांच्या 'अमृतधारा' यंत्रातून काढलेलं. दांड्या बुडवल्या, स्तोत्र म्हटलं. पाणी नितळ ते नितळच. मग आसावरी काकूंच्या नळाचं पाणी घेतलं, दांड्या बुडवल्या, आणि पेटीवरची ज्योत आपोआप पेटली! ग्लासात बुडबुडे उठले, हिरवट ढग पसरले, वर तपकिरी साय चढली. "अगं बाई!" सगळ्या बेसमेंटने एकदम श्वास घेतला.

"हिरवा रंग सासरच्या नजरेचा," माई म्हणाल्या. "तपकिरी, माहेरचं काही देवकार्य राहिलंय."

"राहिलंय हो!" काकू गहिवरल्या. "गोंधळ घालायचा राहिलाय!"

मला प्रश्न पडला, की कोणाच्या माहेरी काहीच राहिलेलं नाही अशी बाई असते तरी का? पण मी गुलाबपाणी शिंपडत राहिले. एकामागून एक बाटल्या पुढे आल्या. प्रत्येकीचं पाणी गढूळ झालं, प्रत्येकीला काहीतरी आठवलं. मला मात्र त्या ज्योतीनेच धरून ठेवलं होतं. अमृतात दांड्या घातल्या की ती विझलेली, नळाच्या पाण्यात घातल्या की पेटलेली. हे मी कुठेतरी बघितलं होतं. कुठे बरं?

मग विनीता मावशीचा नंबर आला.

विनीता मावशी आमच्या खालच्या मजल्यावर राहते. मूळची नागपूरची, तिचा नवरा, म्हणजे आमचे केदार काका, इथे पीएचडी करतात. दोघांचं सगळं स्टायपेंडवर चालतं. तेव्हा तिला सातवा महिना लागला होता.

माईंनी दांड्या बुडवल्या आणि डोळे मिटले. इतरांच्या वेळी एक स्तोत्र होत असे, इथे तीन झाली. पाणी अक्षरशः चिखलासारखं झालं.

"पोटुशी आहेस," माई हळूच म्हणाल्या.

बायकांमध्ये कुजबुज झाली, "बघा, न सांगता ओळखलं!" ते तर जिन्यावरूनही दिसत होतं, पण बोलणार कोण?

"लेकी, बाळाच्या वाटेवर सावली आहे. हे पाणी पोटात जाऊ देऊ नकोस."

मावशीचा चेहरा पांढरा पडला. अमृतधारा यंत्र विकत घ्यायचा करार माईंनी पुढे सरकवला, आणि तिने त्यांनी दाखवलं तिथे सही केली. आगाऊ रक्कमही दिली, आणि ती कुठली होती हे मला ठाऊक होतं. बाळंतपणाला तिची आई, सुमित्रा आजी, नागपूरहून येणार होती. तिकिटासाठी बाजूला ठेवलेले ते पैसे होते.

सही केलेल्या प्रत्येकीला माईंनी वाण दिलं. लाल खणात बांधलेली एक पुडी. "देव्हाऱ्यात ठेवा. माघी पौर्णिमेपर्यंत उघडायची नाही, कोणाला दाखवायची नाही. गाठ सुटली की फळ गेलं."

आईने सही केली नव्हती. "तुझे बाबा विचारतील, मग मी काय सांगू?" एवढंच तिचं कारण. पण गाडीत बसल्यावर तीही म्हणाली, "काहीतरी असेल गं. रंग तर आपल्या डोळ्यांनी बघितला ना?"

सोमवारी शाळेतून आल्यावर मी खाली गेले. मावशी स्टोव्हपाशी उभी होती. पातेल्यात बाल्कनीतला बर्फ.

"मावशी, हे काय?"

"वरणासाठी पाणी करतेय. हे आकाशातून येतं ना, नळातून नाही येत."

"सिरियसली? त्या बर्फावरून काल खारी पळत होती!"

ती हसली, पण अर्धवटच. मग म्हणाली, "आईला फोन केला. म्हटलं, आत्ता नको येऊस, पुढच्या वर्षी ये. बाळ नीट यायला हवं, बाकी काय गं." आणि तिने पाठ फिरवून नाक पुसलं.

देव्हाऱ्यात लाल पुडी होती. फुलं वाहिलेली. मी तिच्याकडे बघत राहिले आणि मला मिसेस कोवाल्स्की आठवल्या. इकॉनॉमिक्सच्या वर्गात त्या एकच गोष्ट टेबलावर बोटं आपटून सांगतात: कोणी घरी येऊन, किंवा घरातल्या पार्टीत, वस्तू विकली तर सही मागे घ्यायला गिऱ्हाइकाला तीन कामाचे दिवस मिळतात. कारण पाहुणा समोर बसलेला असताना माणसाला नाही म्हणवत नाही. आणि हा हक्क आहे हे विकणाऱ्याने तोंडाने सांगायचं, रद्द करायचा कागदही हातात द्यायचा.

"मावशी, माईंनी तुला सही रद्द करायचा कागद दिला?"

"कागद नाही दिला. पुडी तेवढी दिली."

"कराराची तुझी प्रत?"

"पुडीतच असेल. उघडायची नाहीये ना."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला! रविवार मोजत नाहीत, म्हणजे मुदत बुधवारी संपणार. आणि माघी पौर्णिमा? ती त्याच्या कितीतरी पुढे. माईंनी कागद दिला असणार, द्यावाच लागतो. फक्त तो वाचू नका, हे देवाच्या नावाने सांगितलं. अमेरिकन गिऱ्हाइकासमोर ही युक्ती एक मिनिटही चालली नसती, त्याने जागेवरच गाठ सोडली असती. हळदीकुंकवाला आलेली बाई मात्र पुडी देव्हाऱ्यात ठेवते आणि रोज फूल वाहते.

"उघड ना मावशी! आत्ता!"

"नाही गं ज्ञानदा." तिने पोटावर हात ठेवला. "माझं काही झालं तर झालं. पण याच्यावर आलं तर?"

कायदा सांगून भीती जात नाही. आधी तो चिखल कुठून येतो ते दाखवायला हवं होतं.

मंगळवारी केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये शिरले आणि ती ज्योत कुठे बघितली होती ते आठवलं. इथेच की! सप्टेंबरमध्येच आम्ही हा प्रयोग केला होता. अगदी शुद्ध पाण्यातून वीज जवळजवळ जात नाही, दिवा लागत नाही. पाण्यात क्षार असले की जाते. मग सरांना विचारून मी दोन लोखंडी खिळे आणि बॅटऱ्या घेऊन बसले. नळाच्या पाण्यात थोड्या वेळाने हिरवट ढग, मग तपकिरी साय. अगदी सासरची नजर! त्याच नळाच्या पाण्यात खिळ्यांऐवजी पेन्सिलीतल्या ग्राफाइटच्या काड्या बुडवल्या, तर नुसते बुडबुडे आले. चिखल औषधालाही नाही. मी इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या टेबलावरचा मुलगा दचकला.

संध्याकाळी मावशीशी करार केला. बुधवारी दुपारी माई पुन्हा आसावरी काकूंकडे येणार होत्या, शनिवारी न आलेल्या बायकांसाठी. "तिथे माईंचंच अमृत, माईंच्याच दांड्या. ते स्वच्छ राहिलं तर मी तुझ्या पुडीला बोट लावणार नाही. गढूळ झालं तर तू गाठ सोडायची."

मावशीने देव्हाऱ्यातल्या पुडीवरचं फूल सरळ केलं. मग म्हणाली, "अमृत कसं गढूळ होईल?"

"तेच म्हणते मी. मग भीती कसली?"

बुधवारी शाळा सुटल्यावर मी थेट तिथे गेले. शनिवारच्या बायकाही पुन्हा बघायला आल्या होत्या; तीच गर्दी, तोच घमघमाट. मावशीने पुडी पर्समध्ये घेतली होती. माईंनी अमृताचा ग्लास भरला, दांड्या बुडवल्या. ज्योत विझलेली, पाणी नितळ. "पाहिलंत लेकींनो? याला दोष शिवत नाही!"

"माई," मी हात वर केला, "यात चिमूटभर मीठ टाकायचं का?"

"मीठ?" माईंचं कुंकू भुवयांसकट वर गेलं. "कोणाची गं ही पोर?"

"माझी," आई मागून पुटपुटली, आणि ती लगेच दोन बायकांमागे सरकली.

"बाळ, मिठाने दृष्ट काढतात. अमृतात टाकत नाहीत."

"मग बरंच झालं! राहिलेली दृष्टही निघेल."

दोन-तीन काकू खुदकन हसल्या. माई हसल्या नाहीत. "हा देवाचा अपमान आहे. यंत्र कोपेल."

"कोपेल कसं?" मी विचारलं. "तुम्हीच म्हणालात ना, याला दोष शिवत नाही?"

"आसावरी, या मुलीला वर पाठव."

आसावरी काकूंना या सगळ्याबद्दल एक अमृतधारा फुकट मिळणार होतं, हे नंतर कळलं. त्या उठल्या, वर गेल्या. मला वाटलं, संपलं. पण त्या खाली आल्या त्या मिठाची बरणी घेऊन.

"बघू तर खरं," त्या म्हणाल्या. "चाळीस जणींना मी माझ्या शब्दावर बोलावलंय, माई. उद्या त्या मलाच विचारणार."

"आसावरी, नको!"

"माझ्या घरचं मीठ आहे. त्यात कसला दोष?"

त्यांनी चिमूट टाकून ढवळलं. ज्योत भक्कन पेटली! बुडबुडे, हिरवे ढग, आणि वर तपकिरी साय, आधीच्या कुठल्याही ग्लासापेक्षा दाट. मग जिन्यावरून कोणीतरी म्हणालं, "अगं बाई, अमृतालाही सासू आहे वाटतं!" आणि बेसमेंट फुटलं. हसण्याचा नुसता कल्लोळ!

मी दांड्या वर उचलायला निघाले. "प्लग आधी!" आई ओरडली; तिने स्वतः धावत जाऊन तो काढला. मग मी दांड्या सगळ्यांना दाखवल्या. खालचं टोक खडबडीत, किडल्यासारखं.

"हा चिखल पाण्यातला नाही. हे या दांड्यांचं लोखंड आहे. वीज वाहिली की लोखंड झिजतं आणि त्याचा गंज पाण्यात पसरतो. नळाच्या पाण्यात क्षार असतात, म्हणून वीज वाहते. हे अमृत म्हणजे क्षार काढलेलं पाणी. तसलं फिल्टर हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. क्षार म्हणजे घाण नाही. आणि विनीता मावशीच्या ग्लासात दांड्या तिप्पट वेळ होत्या, म्हणून ते जास्त गढूळ. बाळाचा काही संबंध नाही!"

"विज्ञानाला सगळं कळत नाही," माई पेटी आवरत म्हणाल्या.

"नसेल," मावशी म्हणाली. ती उठून उभी राहिली. "हे मात्र कळलं."

आणि तिने पर्समधून पुडी काढली.

"पौर्णिमेआधी गाठ सोडू नकोस! मी सांगून ठेवते, बाळाच्या..."

"माझ्या बाळाचं नाव घेऊ नका!" मावशी इतक्या जोरात ओरडली की ती स्वतःच चकित झाली. तिने गाठ दातांनी सोडली. आत सुपारी, तांदूळ, आणि बारीक घडी घातलेला करार. करारासोबत रद्द करण्याची सूचना, दोन प्रती. खाली रद्द करायची शेवटची तारीख: बुधवार. आज.

पुढचा अर्धा तास काय सांगू! बायका बूट शोधत होत्या, एकीचा डावा दुसरीच्या पायात. जिला घर जवळ ती देव्हाऱ्यातून पुडी आणायला धावली. मावशीने तिथेच, माईंच्या चौरंगावर टेकून, एका प्रतीवर सही करून तारीख घातली, दुसरी स्वतःकडे ठेवली. आईने आम्हाला गाडीने पोस्टात नेलं. आम्ही सर्टिफाइड मेल केलं, म्हणजे पाठवल्याची पावती आपल्या हातात राहते. माईंनी नंतर 'मिळालंच नाही' म्हणायला नको. आमच्या मागे जाडजूड कोटांखालून पैठण्यांचे काठ डोकावणारी भलीमोठी रांग. काउंटरवरच्या बाईने विचारलं, आज काही सण आहे का? आसावरी काकू म्हणाल्या, "येस, व्हेरी बिग."

माईंनी पैसे सुखासुखी दिले नाहीत. फोन उचलेनात. मग मावशीने पावतीची प्रत लावून ग्राहकांच्या तक्रारी घेणाऱ्या राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या ऑफिसात तक्रार केली, आणि तिचे पैसे परत आले. मार्चच्या शेवटी सुमित्रा आजी डेट्रॉईटच्या विमानतळावर उतरली. आता घरात एक गुबगुबीत मुलगी आहे, यामिनी नावाची. नळाच्या पाण्याने रोज आंघोळ करते आणि अख्खी बिल्डिंग डोक्यावर घेते.

त्या बेसमेंटमध्ये इंजिनीअर होत्या, फार्मसिस्ट होत्या, एक तर गणिताची प्राध्यापक होती. शिक्षण कोणाचंच कमी नव्हतं. आपल्या माणसाच्या घरी, कुंकू लावलेल्या बाईला, 'हे तपासून दाखवा' म्हणायची भीड पडली, एवढंच. माझं सांगणं साधं आहे. चमत्कार दाखवणाऱ्याला एक बदल करायला सांगा: दुसरं पाणी, दुसरी दांडी, चिमूटभर काहीही. सही करण्याआधी वाचा, केल्यावर पुन्हा वाचा, आणि पटलं नाही तर मुदतीत लेखी नाही म्हणा. तो तुमचा हक्क आहे. खऱ्या गोष्टीला प्रश्न विचारला तर ती जास्त पक्की होते. खोट्या गोष्टीलाच तुम्ही गप्प बसायला हवे असता.