पाचवी खोली

सुट्टीला कुठे जायचं हे ठरवायचं काम या वर्षी ठकूने आपण होऊन मागून घेतलं, आणि तिथेच ती फसली. पंचेचाळिशी ओलांडली तरी घरात ती ठकूच. लग्न न केलेली, आईबरोबर राहणारी, चष्म्याच्या दुकानात काम करणारी, आणि म्हणून 'तिला काय, वेळच वेळ' असं जिच्याबद्दल सगळ्यांचं पक्कं मत, ती ठकू. एरवी हे काम दादाच्या गळ्यात असायचं. बहिणीने ते हौसेने मागितलं तेव्हा त्याला संशय यायला हवा होता. पण आयती सुटका झालेला माणूस चौकशी कशाला करतो?

महिनाभर फोनवर डोळे फोडून तिने दोन वसाहती निवडल्या. दोन्हीकडे एकासारख्या एक व्हिलांच्या रांगा, पुढे हिरवळ, मागे व्हरांडा, फाटकाशी पहारेकरी. एक तळ्याकाठी, एक टेकडीवर. तळ्याच्या व्हिलात चार झोपायच्या खोल्या आणि दाराशीच पोहण्याचा तलाव. टेकडीच्या व्हिलात पाच खोल्या, पण तलाव खाली, सगळ्या वसाहतीत मिळून एक. ठकूला टेकडी हवी होती, आणि ती फक्त त्या पाचव्या खोलीसाठी. दार आतून लावता येईल आणि आत दुसरं कुणी झोपणार नाही अशी एक खोली, सात रात्री. बाकी तलाव, हिरवळ, हवा यांच्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं.

बाबा गेले त्याला सहा वर्षं झाली होती. तेव्हापासून ठकू आईच्या खोलीत झोपत होती. आई रात्रीतून तीन-चारदा उठायची. दिवा लावायची, पाणी प्यायची, आणि मग खाटेवर बसून बोलायलाच लागायची. गॅस बंद केलास का, पाठ दुखतेय का तुझी, उद्या लवकर जायचंय का. ठकू उत्तरं द्यायची. तिची स्वतःची खोली भिंतीपलीकडेच होती. तिच्यात आता इस्त्रीचं टेबल आणि जुनी खोकी ठेवली होती. ती हलवायला अर्धा तास लागला असता, पण परत तिथे जायचं म्हणजे आईला एकटं टाकलं असं झालं असतं. लोक काय म्हणतील ते राहू द्या, ठकूच स्वतःला नाही नाही ते बोलली असती.

अशा तुकड्या-तुकड्यांच्या झोपेवर कामाचं जे व्हायचं ते झालं. दुकानाच्या मागच्या खोलीत ठकू काचा कापते, कडा घासते, फ्रेममध्ये बसवते. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांच्या बाहुल्यांमधलं अंतर मोजायचं, त्याप्रमाणे काचेवर मध्याचा ठिपका द्यायचा, मग काच मशीनवर चढवायची. वीस वर्षांत तिचा ठिपका कधी हलला नव्हता. गेल्या दोन महिन्यांत तीन चष्मे परत आले. तिसऱ्यात तर उजवी काच डावीकडे आणि डावी उजवीकडे. ते गिऱ्हाईक बिचारं सपाट फरशीवर पायरी चढल्यासारखे पाय उचलत दुकानात शिरलं. मालक ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळू आवाजात म्हणाले, "बाई, सुट्टीवर जाताय ना? आठवडाभर नुसत्या झोपा. आल्यावरही असंच चाललं, तर मशीनवर मला दुसरं कुणीतरी बसवावं लागेल."

म्हणजे टेकडी. इतकं सरळ होतं. फक्त 'मला आईजवळ झोपायचं नाही' हे वाक्य ठकूच्या तोंडून निघणं शक्य नव्हतं, आणि आई समोर बसलेली असताना तर मुळीच नाही.

रविवारी दुपारी सगळे आईकडे जमले. दादा, वहिनी आणि त्यांच्या दोघी मुली. धाकटी बहीण, तिचा नवरा आणि त्यांची दोन वर्षांची छोटी. चहा झाला. आई खिडकीजवळच्या खुर्चीत बसून जुन्या पडद्याची शिवण उसवत होती. "मला कुठेही चालेल," हे तिने सगळे आल्या आल्याच सांगून टाकलं होतं, दरवर्षीप्रमाणे.

या घरात काहीही ठरवायची बाबांनी घालून दिलेली एक पद्धत होती. बाबांनी जन्मभर एका कारखान्यात कामगारांच्या तक्रारी लिहून घेतल्या, आणि तिथली शिस्त जशीच्या तशी घरात आणली. नुसतं 'नको' म्हणायचं नाही. हरकत असेल तर कारण सांगायचं. बाकीच्यांनी ते कारण दूर करायचं. कारण दूर झालं की हरकत संपली, मग तोंड वाकडं करायचं नाही. बाबा गेले, पण नियम राहिला, आणि दादा तर तो बाबांपेक्षाही कडक पाळायचा.

"तळ्याला कोण कोण?" दादाने विचारलं. पटापट हात वर झाले. छोटीचाही, तिच्या बापाने धरून केलेला.

"माझी हरकत आहे," ठकू म्हणाली.

"कारण?"

"डास. तळं म्हटलं की डास आलेच."

धाकटीच्या नवऱ्याने फोनवरचा फोटो दोन बोटांनी मोठा केला आणि सगळ्यांपुढे फिरवला. "ताई, हे बघा. सगळ्या खिडक्यांना जाळ्या आहेत. आणि आमच्याकडे मच्छरदाण्या आहेत, चारच्या चार घेऊन येतो."

"दूर झालं," दादा म्हणाला.

"छोटीचं काय? दार उघडलं की तलाव. डोळा लागला कुणाचा तर?"

हे कारण ठकूला अगदी भक्कम वाटलं होतं. पण वहिनीने फोन उचलला. वहिनी दवाखान्यात पेशंटना वेळा देण्याचं काम करते, आणि समोरच्याला बोलू न देता त्याच्याकडून हवं ते वदवून घेण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही. दोन मिनिटांत तिने तळ्याच्या व्यवस्थापकाकडून कबूल करून घेतलं, की तलावाभोवती उंच कुंपण लावून मिळेल, त्याला कडी असेल, आणि कडी मोठ्यांच्या हातालाच पोचेल.

"आईचे गुडघे," ठकू म्हणाली. "दाराला तीन पायऱ्या आहेत."

"अगं, मला येतात की पायऱ्या चढता," आई म्हणाली. पण तोवर वहिनीचा दुसरा फोन लागला होता. पायऱ्यांवर लाकडी उतार टाकून मिळणार होता, बाजूला धरायला कठडाही.

"क्लबहाउसात रात्री दहापर्यंत गाणी लावतात."

"शेवटच्या रांगेतला व्हिला द्या," वहिनी फोनवर म्हणाली. ती आता फोन ठेवतच नव्हती. "हो, अगदी शेवटचा. कुंपण आणि उतार तिकडेच लावा."

ठकू चिडली. माणसं वाईट असती तर तिला भांडता तरी आलं असतं. ही माणसं मन लावून तिच्या अडचणी सोडवत होती. तिने म्हणावं ओल, त्यांनी म्हणावं हीटर. तिने म्हणावं औषधांचं दुकान लांब, त्यांनी म्हणावं औषधं आधीच घेऊन ठेवू. महिनाभर जपून शोधलेलं एकेक कारण ती पुढे करत होती आणि ही मंडळी ते दोन मिनिटांत निकालात काढत होती, वर तिच्याकडे कौतुकाने बघत होती. 'किती विचार करते ही सगळ्यांचा,' असं धाकटी नवऱ्याच्या कानात म्हणाली, ते ठकूला ऐकू आलं आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"टेकडीवरून बघायला छान दिसतं," ती शेवटी म्हणाली.

"हे कारण नाही," दादा म्हणाला. "ही आवड झाली. आणखी काही हरकत?"

ठकूने रिकामा कप उचलून परत खाली ठेवला.

"नाही ना? मग तळं." दादाने फोन हातात घेतला, चष्मा कपाळावर ढकलला आणि बोट पुढे नेलं.

"मला खोली हवीय!"

आवाज इतका चढला की छोटी रडायला लागली. दादाचं बोट हवेतच राहिलं.

"माझी स्वतःची खोली," ठकू म्हणाली. आता तोंडातून निघालंच होतं, तर थांबून उपयोग नव्हता. "सात रात्री मला एकटीला झोपायचंय. दार लावून. मध्ये कुणी दिवा लावायचा नाही, काही विचारायचं नाही, मला उठवायचं नाही. माझं काम जायची वेळ आलीय. मी सहा वर्षं झोपलेली नाहीये!"

आईचा हात शिवणीवर थांबला. ठकूला तिच्याकडे बघवेना.

"आईला एकटीला ठेवायचं?" धाकटी म्हणाली. "परक्या जागेत? ताई, तुला बोलवतं तरी कसं असं?"

"मग तू झोप तिच्याजवळ."

"मी? छोटी केवढी आहे अजून!"

"थांबा, थांबा," दादाने हात वर केला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. उलट एक नवीन कारण समोर आलं म्हणून तो सरसावून बसला होता. "कारण दिलंय तिने. दूर करू या. मुली आईजवळ झोपतील, ठकूला मुलींची खोली."

"आजीजवळ?" थोरली पटकन म्हणाली. "बाबा, आजी रात्रभर..." वहिनीने डोळे वटारले आणि तिचं वाक्य अर्ध्यावर राहिलं.

"हॉलमध्ये मोठा सोफा आहे," धाकटीच्या नवऱ्याने सुचवलं. "पाय लांब करून झोपता येईल, असा."

"हॉलला दार नाही."

"पडदा लावता येईल," वहिनी म्हणाली आणि पुन्हा फोन कानाला लावला. "हॅलो, मीच बोलतेय. तुमच्याकडे जाड पडदा मिळेल का, हॉलच्या मधोमध लावायला?"

ठकूने दोन्ही हातांनी डोकं धरलं. सहा वर्षांत एकदा तोंड उघडलं, तर पदरात काय पडतंय, पडदा. तिला खरोखर उठून दार आपटत निघून जावंसं वाटलं. पण हे तिचंच घर होतं. जाणार कुठे?

"माझी हरकत आहे," आई म्हणाली.

एवढ्या वर्षांत आईने या घरात हरकत घेतलेली कुणी ऐकली नव्हती. वहिनीनेसुद्धा फोन कानावरून काढला.

"तळ्याला?" दादाने विचारलं.

"तळ्याला."

"कारण?"

"मलाही एकटीला झोपायचंय," आई म्हणाली. "लग्नाआधी आम्ही चौघी बहिणी एका खोलीत. लग्नानंतर तुमचे बाबा, मग तुम्ही एकामागून एक. ते गेल्यावर ही. जन्मात कधी एका खोलीत एकटी झोपले नाही मी. आता हे दूर करून दाखव बघू चार खोल्यांत."

दादाने बोटांवर हिशेब केला. तो आणि वहिनी. धाकटी, नवरा, छोटी. मुली. ठकू. आई. पाच. त्याने तळ्याचं पान बंद केलं आणि टेकडीचं उघडलं. तलाव दाराशी नाही म्हणून मुली थोड्या फुरंगटल्या, पण त्यांना कारण सुचलं नाही. वहिनीने तळ्याच्या व्यवस्थापकाला सांगितलं, की कुंपण नको, उतार नको आणि पडदाही नको. तो काय म्हणाला ते तिने कुणाला सांगितलं नाही.

आई कप उचलून स्वयंपाकघरात गेली. ठकू तिच्यामागून गेली आणि तिने दार लोटून घेतलं.

"तू आधी का नाही बोललीस?"

"तू तरी कुठे बोललीस?" आईने नळ सोडला. "तुझे बाबा गेले त्या रात्री तू गादी उचलून माझ्या खोलीत आलीस. मला वाटलं, पोरीला एकटीला झोपवत नाहीये. महिनाभराने जाईल परत. तू गेलीच नाहीस. रात्रभर नुसती कुशी बदलत असायचीस. म्हणून उठायचे मी. दोन शब्द बोलले की तुला बरं वाटेल, म्हणून."

"मी तुझ्यासाठी आले होते!" ठकू ओरडलीच. "तुला एकटं वाटेल म्हणून! तू उठायचीस म्हणून मी जागी असायचे!"

आईने नळ बंद केला. कप हातात तसाच धरून ती लेकीकडे बघत राहिली.

"मी बोलावलं होतं का तुला?" तिने विचारलं. रागाने नाही, खरंच आठवत नसल्यासारखं.

नव्हतं बोलावलं. ठकूला ती रात्र स्पष्ट आठवत होती, गादी होती, दार होतं, आणि बोलावणं कुणाचंच नव्हतं. तिला हवी होती ती खोली मिळाली होती, आईची काही हरकत नव्हती, कुणाचं मन दुखावलं नव्हतं, आणि तरी कुणाच्या तरी अंगावर धावून जावं इतकी ती संतापली होती. सहा वर्षं. कुणी मागितलीच नव्हती. जाब विचारायचा तरी कुणाला? समोर ही एवढीशी म्हातारी उभी होती, आणि तिचीही सहा वर्षं तशीच गेली होती.

"ठकू!" बाहेरून दादाने हाक मारली. "खोल्या वाटून घेतोय. तुला कुठली लिहू?"

"आईपासून सगळ्यात लांबची!" ठकू म्हणाली. आवाज रडवेला निघाला, आणि निघाल्यावर तो तिला आवरता येईना.

"हो," आतून आईने मोठ्याने सांगितलं. "तसंच लिही."

दादाने तसंच लिहिलं.