शेपच्या डाव्या अंगाला

केर्स्ती आली त्या दिवशी नूलानं तिला खोली दाखवली. आत दोन पलंग होते, दोन्हींवर धुतलेल्या चादरी घातलेल्या.

"तू खिडकीजवळचा घे," नूला म्हणाली. "दुसऱ्यावर सामानबिमान ठेवू नकोस हं, पोरी."

आवाज गोडच होता, पण त्यापुढे काही विचारायचा केर्स्तीला धीर झाला नाही. उन्हाळ्यातल्या आदानप्रदान कार्यक्रमासाठी ती एस्टोनियाहून आयर्लंडमधल्या कॉनेमाराच्या किनाऱ्यावर आली होती. सकाळी गावातल्या शाळेत आयरिश भाषेचे वर्ग, दुपारी पोहणं आणि नाच. देशोदेशीची मुलं गावातल्या घरांमध्ये उतरलेली होती. बाकीच्या घरांत चार-चार, पाच-पाच जण, आणि नूलाकडे मात्र ती एकटीच.

जेवताना नूलाच्या नवऱ्यानं, फिंटननं, तिच्या ताटात बटाट्यांचा ढीग वाढला. "तुमच्याकडे बटाटे असतात का गं? नसतील तर परत जाऊच नकोस."

"असतात. पण एवढे आम्ही डुकरांनाच घालतो."

फिंटन खो-खो हसला. नूलाही हसली. तेवढ्यात दारावर नखं घासल्याचा आवाज आला आणि दोघंही एकदम गप्प झाली.

फिंटननं दार उघडलं. काळापांढरा म्हातारा कुत्रा होता, शेप. पंजे ओल्या वाळूनं माखलेले. उंबऱ्याशी तो थांबला, कुणाला तरी पुढे जाऊ द्यावं तसा, आणि मगच आत आला. मान डावीकडे वर वळवलेली, शेपूट हलतंय, चाल संथ, बरोबरच्या माणसाच्या पावलांना धरून. घरात नवीन माणूस आलंय, पण त्यानं केर्स्तीला हुंगलंसुद्धा नाही. सरळ तिच्या खोलीत गेला आणि त्या दुसऱ्या पलंगापाशी आडवा झाला.

"बटाटे गार होतायत," फिंटन म्हणाला.

पुढचे दोन दिवस तेच. ओहोटी लागली की शेप वाळूवर निघून जाई आणि पाणी चढायच्या आत परत येई. म्हाताऱ्या कुत्र्याचे चाळे, असं केर्स्तीनं स्वतःला समजावलं. पण एकदा अरुंद बोळकांडीतून येताना तो भिंतीला अंग चोरून चालला, डाव्या बाजूला माणूसभर जागा सोडून. ते पाहिल्यावर मात्र तिच्या अंगावर सरसरून काटा आला.

वर्गात तिच्या शेजारी एलेरी बसायची. वेल्सची, बडबडी, गेल्या उन्हाळ्यातही आलेली.

"अगं, तू नूलाकडे? तुला कुणी सांगितलं नाही?"

"काय सांगायचं?"

एलेरीनं इकडेतिकडे पाहिलं. "मागच्या वर्षी त्या खोलीत सिग्ने होती, डेन्मार्कची. ओहोटीला वाळूवरून चालत समोरच्या बेटावर गेली, शेपला घेऊन. येताना धुकं उतरलं. शेप परत आला. ती आलीच नाही. सापडलीसुद्धा नाही गं."

घरी येऊन केर्स्तीनं बॅग पलंगावर ओढली आणि कपडे भरायला घेतले. नूला दारात येऊन उभी राहिली.

"कळलं तर."

"तुम्ही का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर राहिली असतीस?" नूलानं एप्रनला हात पुसले, कोरडेच होते तरी. "वर्षभर या खोलीत कुणाचा श्वास नव्हता, बाळा."

"शेप रोज कुणाला घेऊन येतो?"

नूलानं त्या दुसऱ्या पलंगाकडे पाहिलं. मग म्हणाली, "मला दिसत नाही. रोज डोळे फाडून बघते. तरी दिसत नाही."

"त्याच्याबरोबर गेलात कधी?"

"त्या दिवसापासून वाळूवर पाय ठेवला नाही मी."

"चला, मी येते," केर्स्ती म्हणाली. असं आपण का म्हणालो, ते तिचं तिलाच कळेना.

ओहोटी लागली तसा शेप वाळूवर निघाला. तो पुढे, त्या दोघी मागे. अर्ध्या वाटेवर शेवाळलेला एक खडक होता. तिथं कुत्रा थांबला, सगळं अंग घुसळून आनंदानं कुईकुई करू लागला, आणि वळला. मान डावीकडे, वर. तो जवळून गेला तेव्हा दोघीही न ठरवता बाजूला सरल्या आणि मधे वाट मोकळी झाली.

परतताना शेप घडीघडी थांबत होता. कुणीतरी मागं रेंगाळत असावं तसा वळून बघत होता. वाळूतल्या ओहळांत पाणी भरू लागलं होतं. नूला अचानक गर्रकन फिरली आणि त्या रिकाम्या वाळूवर ओरडली,

"सिग्ने! पाणी चढतंय, कळतं का तुला? रोज रोज तिथंच काय रेंगाळतेस? चल म्हणते ना! नाहीतर जा बाई, तुझ्या आईकडे जा. ती तिकडे वाट बघून बघून झिजली असेल. जा, माझे आई, जा!"

वारा तिचा आवाज घेऊन गेला. शेपनं कान टवकारले. मग त्याचं शेपूट हळूहळू खाली आलं. त्यानं वाळू हुंगली, गोल गोल धावला, विव्हळला, आणि शेवटी नूलाच्या पायाशी आला. घरी तो कुठल्याही कुत्र्यासारखा सगळ्यांच्या आधी आत घुसला आणि स्टोव्हपाशी पडला.

नूला पायरीवर मटकन बसली. "काय करून बसले मी हे? तेवढी तरी येत होती ती. मीच हाकललं तिला."

केर्स्ती तिच्या शेजारी बसली. फिंटन गोठ्यातून आला, त्यानं दारातून स्टोव्हपाशी झोपलेला शेप पाहिला आणि डोक्यावरची टोपी काढली.

"दमली असेल गं ती, नूला," तो म्हणाला. "रोज यायचं म्हणजे."

दुसऱ्या दिवशी शाळेत वर्गाच्या बाईंनी केर्स्तीला बाजूला घेतलं. एलेरी राहते त्या घरी जागा होती, हवं तर आजच हलता येईल. आदल्या दिवशी विचारलं असतं तर ती धावत गेली असती. "नको," ती म्हणाली. "नूलाकडेच मी बरी आहे." हे पुरतं खरं नव्हतं.

संध्याकाळी ताटावर बसल्यावर तिनं विचारलं, "सिग्ने कशी होती?"

नूलाच्या हातातली पावाची सुरी थांबली. फिंटनच बोलला, "गाता येत नव्हतं तिला. आणि गायची मात्र दिवसभर."

"कोंबड्यांनी अंडी द्यायचं बंद केलं होतं," नूला म्हणाली, आणि हसता हसता तिचा आवाज चिरकला.

मग ती दोघं बोलतच राहिली, एकमेकांचं वाक्य तोडत, भांडत. लापशीत मीठ घालायची ती. नाही, मीठ नाही, लोणी. केर्स्ती ऐकत होती. मधेच बोलणं थांबे, आणि तिघंही नकळत दाराकडे बघत. बाहेर भरतीचा आवाज चढत होता. शेप मात्र गाढ झोपला होता.