राणीची नक्कल

माणसाले लाज वाटावी खोटं बोलायची. आमच्या यांले वाटे बापाची.

सासरे, नानाजी, कुहीकडच्या खेड्यातले. दिवाळीनंतर गावात मंडई भरे, जत्रेसारखी; तिथं रातभर दंडारीचा, गाण्या-बोलण्याचा खेळ व्हायचा, त्यात जन्मभर त्यांनी राणीचं काम केलं. लुगडं नेसून उभे राहिले का बायाही पाहत राहत. पण यांचं नागपुरात, इतवारीत धान्याचं दुकान, पोरगी लग्नाची. कोणी 'लुगडंवाल्याचा पोरगा' म्हणन, ह्याच धाकात हे. मी म्हणे, काहून भेता? ऐकतील तर शपथ.

दंडारीचं पुस्तक नसते. ज्याचं काम त्याची हातानं उतरवलेली नक्कल. तिच्यात त्याचं बोलणं अन् समोरच्याचे शेवटचे दोन शब्द, बस. माणूस गेला का नक्कल त्याच्या घरीच राहते. म्हणून एकच खेळ साऱ्या गावात वाटलेला.

अठ्ठ्याहत्तर साली नागपुरातल्या एका वाचनालयात जुन्या कागदांची फिल्म उतरवून राहिले होते. तिथल्या शोभाताईले आमच्या गावची दंडार पाहिजे होती, पण सुटी सुटी नाही. सगळ्या नकला जुळवून, एका नावाखाली. राजाचं काम करणारे रामाजी घरोघर फिरून नकला घेऊन आले अन् आमच्याच घरी उतरले. राणीची विचारली तं हे म्हणाले, वाळवीनं खाल्ली. नानाजी वारल्यापासून ती आतल्या पेटीत होती. मले ठाऊक होतं अन् मीही गप बसली. माझंही तोंड काळंच.

दुसऱ्या दिवशी रामाजीसोबत आम्ही दोघंही वाचनालयात गेलो. शोभाताईनं मोठ्या टेबलावर कागद मांडले. राजाचं बोलणं, प्रधानाचं, मग जागा मोकळी. पुन्हा राजा, पुन्हा मोकळी. अर्धा खेळ राणीचाच. तिच्याबिगर कोणतं पान कोणामागून, काही लागेना. अन् फिल्मची मशीन संध्याकाळी मुंबईले परत जाणार होती.

"निदान नाव तरी लिहू," शोभाताई म्हणाल्या. "राणीचं काम कोण करायचं?"

रामाजी आमच्या यांच्याकडे पाहत राहिले, पोरानं सांगावं म्हणून.

"माहीत नाही," हे म्हणाले.

रामाजीनं तोंड फिरवलं. "असन कोणी. मेला बिचारा."

मले मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्यानं पोटाले चिमटा घेऊन यांले दुकान घालून दिलं, त्याचं नाव घ्यायले जीभ जड! मी पदर सावरला अन् शोभाताईले सांगितलं का नानाजी माझे सासरे, हे त्याईचे पोरगे, अन् नक्कल घरी पेटीत आहे.  तशी यांनी सायकल काढली अन् नक्कल घेऊन आले.

पण पानं जुळवायची तं वाचून पाहावं लागे. राजाचं रामाजीनं म्हणायचं, राणीनं उत्तर द्यायचं. नानाजीचं अक्षर यांच्याबिगर कोणाले लागेना. आजूबाजूले मास्तरलोक बसलेले. यांनी राणीचं बोलणं सुरू केलं, कागदात मुंडी घालून, चोरासारखं.

रामाजी थांबले. "चंपत," ते म्हणाले, "तुहा बाप असा खाली पाहून नव्हता बोलत गा."

यांचे डोळे गळून राहिले होते. कागद भिजन म्हणून शोभाताईनं तो हळूच हातातून घेतला. मग यांनी तोंड पुसलं, उभे राहिले, कागद मागून घेतला अन् पहिल्या ओळीपासून पुन्हा बोलले. पानामागून पान लागत गेलं. रामाजीकडे पाहायची मात्र यांची शेवटपर्यंत हिंमत झाली नाही.