कापरावरची शपथ

करून करून भागला आणि देवपूजेला लागला, ही म्हण ज्यानं कुणी काढली त्यानं रघुपतीला नक्की पाहिलं असणार, असं सरस्वतीबाईंचं पक्कं मत होतं. सख्खा धाकटा दीर. अठरा वर्षं तोंड दाखवलं नाही, आणि आता दोन महिने रोज सकाळी राजवाड्यामागच्या त्यांच्याच गल्लीत, अम्मन देवीच्या देवळात हजर! कपाळभर विभूती काय, प्रदक्षिणा काय, पायऱ्या झाडणं काय. कुठंतरी पाणी मुरतंय, हे ओळखायला निवृत्त शिक्षिकेला शिकवणी लावावी लागत नाही.

"घराच्या वाटणीचा कागद असेल," शेजारची लक्ष्मीप्रिया म्हणाली. "सही मागायला येतो बघा."

बाईंनाही तसंच वाटे. ह्या माणसानं त्यांचा संसार मोडला होता, आणि तोही ह्याच देवळात.

त्या काळी सासूबाईंना चक्कर यायची. एकटं सोडू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्या संध्याकाळी पाळी रघुपतीची होती. बाई माडीवर परीक्षेचे पेपर तपासत होत्या. रघुपती पत्ते कुटायला पापनाशम गावाला निघून गेला, सासूबाई न्हाणीघरात पडल्या, आणि दुसरी सकाळ काही त्यांनी पाहिली नाही. "मी वैनींना सांगून गेलो," रघुपती म्हणाला. त्यानं सांगितलं नव्हतं. मग बाईंच्या यजमानांनी, सुंदररावांनी, इकडच्या तमिळ रिवाजाप्रमाणे दोघांना अम्मनपुढं उभं केलं. पेटता कापूर तळव्यानं मारून विझवायचा आणि शपथ घ्यायची. खोटं बोलणाऱ्याला देवी सोडत नाही. बाई म्हणाल्या, "माझा शब्द पुरत नसेल तर कापूर कशाला?" रघुपतीनं मात्र फाडकन हात मारला. झालं! शपथ घेणारा खरा ठरला, न घेणारी खोटी. सुंदररावांनी बायकोच्या हातचं पाणीसुद्धा नाकारलं, आणि बाईंनी दोन खोल्यांचं वेगळं बिऱ्हाड केलं. पुढं नऊ वर्षांनी सुंदरराव गेले, ते एक शब्द न बोलताच.

नवऱ्याला बाईंनी मनातून केव्हाच माफ केलं होतं. भोळा माणूस, भावाच्या शपथेला फसला; खरं कळलं असतं तर धावत आला असता. ह्या एका समजुतीवर त्यांनी इतकी वर्षं काढली. देवीशी मात्र अबोला. त्या रोज येत, सवयीनं हात जोडत आणि काही न मागता परत फिरत. खोटारड्याचा तळवासुद्धा जिनं भाजला नाही, तिच्याकडं मागायचं काय?

तर अशा बाई रघुपतीवर नजर ठेवून होत्या. आणि त्यांना एक गोष्ट दिसली. पुजारी आरतीचं तबक घेऊन आला की हा हळूच खांबाआड सरकायचा. ज्योतीवर हात म्हणून धरायचा नाही. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, रोज! आरती न घेणारा भक्त कसला? बाईंचा संशय दुणावला.

गुरुवारी तो दारात आला. आत ये म्हणायला बाई काही तयार नव्हत्या.

"उद्या आरतीला असा, वैनी. तुमच्यापुढं बोलायचंय."

"कागद आणलायस?"

"कसला कागद?" तो गोंधळला. बाईंना तेही नाटकच वाटलं.

शुक्रवारी देऊळ भरलेलं होतं. आरती झाली, तसा रघुपती पुढं आला.

"इथंच कापूर मारून मी खोटं बोललो," तो मोठ्यानं म्हणाला. "वैनींना सांगितलंच नव्हतं. आमची अम्मा गेली ती माझ्यामुळं. त्या दिवसापासून मला आरतीवर हात धरायला होत नाही."

गर्दी हळहळली. "देवीनंच बुद्धी दिली हो त्याला," म्हणत लक्ष्मीप्रियानं डोळे पुसले. बाईंचं मात्र पित्त खवळलं. अठरा वर्षं बोल लावून घेतले त्यांनी, आणि कौतुक ह्याचं!

"आजच का?" त्यांनी विचारलं. "इतकी वर्षं कुठं होतास?"

"अण्णाला सांगितलो होतो, वैनी. जायच्या आधी दोन वर्षं."

अण्णा म्हणजे सुंदरराव! "मग काय म्हणाले?"

"रडला. आता कुठल्या तोंडानं तिच्याकडं जाऊ म्हणून बोल्ला. मी असेपर्यंत कुणाला सांगू नको म्हणून वचन घेतला. तो गेल्यावर मीही तेच म्हणत बसलो. कुठल्या तोंडानं."

दोन वर्षं. सुंदररावांच्या घरापासून ह्या गल्लीपर्यंत चालत दहा मिनिटं लागतात. रघुपतीसाठी राखून ठेवलेला सगळा राग बाईंनी चाचपून पाहिला, तर तो जागेवर नव्हता. रघुपतीचं काय करायचं, ते नंतर बघता आलं असतं. धावत येणारा त्यांचा नवरा मात्र आता कुठंच उरला नव्हता.

"माफ करून टाका हो," मागून कुणी तरी म्हणालं.

बाईंनी वळूनही पाहिलं नाही. त्या गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी गेल्या.

"तुला ठाऊक होतं ना गं?" त्या मोठ्यानं म्हणाल्या. "मी रोज इथं यायची. रोज! तुला एकदा तरी सांगावंसं वाटलं नाही?"

त्या तिथंच खाली बसल्या आणि लोकांदेखत, लाज न धरता, ढसाढसा रडल्या. देवीवर इतक्या रागावल्या होत्या, आणि रागावायला तिच्याशिवाय दुसरं कुणी जवळचं उरलं नव्हतं.

थोड्या वेळानं लोक पांगले. रघुपती लांब खांबाशी बसून राहिला. दुपारच्या वेळेला पुजारी गाभाऱ्याचा पडदा ओढायला आला.

"थांबा," बाई म्हणाल्या. "माझं तिच्याशी अजून बोलून झालं नाही."