भिंतीपासून पाच मीटर

निळे-पांढरे तिकोनी झेंडे, एका दोरीला ओवलेले, पाण्यावर आडवे टांगलेले.

पहिली बस सहा दहाला सुटते. चालवायला बाई आहे हे बघून अजूनही एखादा उतारू मुकाट मागच्या बाकावर जाऊन बसतो.

नियम चौथा: दर घरामागे पालकांच्या पाच ड्युट्या. कमी भरल्यास मूल अंतिम स्पर्धेत उतरणार नाही.

नऊ वर्षांची मुलगी उताणी पोहते तेव्हा तिला भिंत दिसत नाही. आभाळ दिसतं.

सहा हात. डोक्यावरून झेंडे गेले की सहा हात मारायचे, सातव्याला भिंत.

हे सगळं एकाच रविवारी सकाळी, वस्तीच्या पोहण्याच्या तलावाच्या काठी, एकमेकांवर येऊन आदळलं.

बसवाली (वस्तीत तिला सगळे असंच म्हणत, आणि तिला त्याचं काही वाटत नसे) लेकीला घेऊन फाटकातून आत आली. मागे सासूबाई, हातात टॉवेल आणि छत्री. टेबलाशी यादीबाई बसल्या होत्या. त्यांचं नाव विचारायच्या भानगडीत कुणी पडत नसे. पालकांची यादी त्यांच्या ताब्यात असते, एवढं माहीत असलं की पुरे.

“तुमच्या तीनच भरल्यात, ताई,” यादीबाई म्हणाल्या. “आजच्या स्पर्धेतून मुलीचं नाव काढावं लागलं.”

“तीन? अहो, अकरा वेळा लेनच्या दोऱ्या मी बांधल्यात! झेंडेसुद्धा. पहाटे सव्वापाचला, बस काढायच्या आधी.”

“कुणी पाहिलं?”

“वॉचमननं पाहिलं की.”

“वॉचमन पालक नाहीत. ड्युटी म्हणजे माझ्यासमोर सही. मी आठला येते.”

“आठला मी कुठे असते, विचारा तुमच्या थोरल्याला. माझ्याच बसनं कॉलेजात जातो तो.”

यादीबाईंनी पेनाचं टोपण लावलं. त्यांच्या लेखी विषय संपला होता.

बसवालीनं कोचकडे पाहिलं. ‘दोऱ्यांचं तेवढं तुम्ही बघा, ड्युटीचं मी सांगतो त्यांना,’ असं हंगामाच्या सुरुवातीला हाच म्हणाला होता. कोच शिट्टीच्या गोफाची गाठ सोडवत होता. गाठ फारच अवघड असावी.

“अगं, भांड की तिच्याशी,” सासूबाई म्हणाल्या. “माझ्याशी भांडताना बरा आवाज चढतो तुझा.”

“आई,” मुलीनं हळूच विचारलं, “टोपी काढू?”

 पोरगी उन्हाळाभर पलंगावर उताणी पडून हात मोजत होती. एक, दोन, तीन. उशामागच्या भिंतीवर बोटांचे ठसे उमटले होते.  बसवालीनं मान फिरवली, पाण्याकडे पाहिलं, आणि तिला झेंडे दिसले.

चुकीच्या जागी होते.

स्पर्धेची मांडामांड आदल्या संध्याकाळी तलावाच्या कमिटीनं स्वतः केली होती, फोटोबिटो काढून. तलावाच्या काठाला खांब रोवायची दोन-दोन भोकं आहेत. भिंतीपासून पाच मीटरवरची झेंड्यांची. तीन मीटरवरची, तलाव झाकायच्या जुन्या ताडपत्रीच्या रुळाची, आता वापरात नसलेली. कमिटीनं जी आधी दिसली त्यांत खांब ठोकले होते. झेंड्यांनंतर सहा हात मोजणारं पोर चौथ्या हातालाच डोकं आपटणार.

क्षणभर बसवालीच्या मनात आलं, येऊ दे टेंगळं. येऊ दे एकेकाला चांगलं लिंबाएवढं. मग बघू कुणी काय पाहिलं ते.

पण पाण्यात सात वर्षांची सहा पोरं उताण्या शर्यतीसाठी काठाच्या दांडीला लोंबकळत होती, आणि कोचनं शिट्टी तोंडात घेतली होती.

“थांबवा!” ती ओरडली. “पोरांना बाहेर काढा!”

चपला फेकून ती काठाकाठानं धावली. एक खांब उपटला, दोन मीटर मागे नेऊन रोवला; पलीकडे जाऊन दुसरा. दोरी ताणली, खिट्टी फिरवली. कमिटीची चार माणसं हाताची घडी घालून बघत उभी राहिली. तिनं पावलं मोजून दाखवली तेव्हा त्यांतल्या एकाचा चेहरा पांढरा पडला. त्याचा मुलगा तिसऱ्या लेनला होता.

“ही एक धरते हो मी,” यादीबाई मोठ्या मनानं म्हणाल्या. “माझ्यासमोर झाली ना. चार झाल्या तुमच्या. एकच कमी.”

सासूबाईंच्या हातातली छत्री खाली पडली. “बाई,” त्या म्हणाल्या, “तुम्हाला घरात सहन कोण करतं हो?”

 बसवालीनं छोट्यांची शर्यत होऊ दिली. कुणाचं डोकं आपटलं नाही. मग नऊ वर्षांच्यांना बोलावलं तेव्हा तिनं मुलीचा हात धरला आणि तिला सहाव्या लेनपाशी नेलं. ती लेन रिकामी होती. रिकामी का होती ते सगळ्यांना ठाऊक होतं.

“उतर पाण्यात.”

“अहो, तिचा वेळ धरला जाणार नाही!” यादीबाई उभ्या राहिल्या. “निकालात नाव येणार नाही!”

“नका आणू. ती पोहणार.” मागचं दार लागल्याशिवाय गाडी हलणार नाही, हे बसवाली रोज ज्या आवाजात सांगते त्याच आवाजात तिनं कोचला सांगितलं, “वाजवा.”

कोचनं यादीबाईंकडे पाहिलं, मग झेंड्यांकडे, आणि वाजवली.

मुलगी वेडीवाकडी गेली, एकदा दोरीला घासली, पुन्हा सरळ झाली. झेंडे आले. एक, दोन, बसवाली काठावर वाकून मोजत होती, पाच, सहा. सातव्या हाताला बोटं भिंतीला लागली. सहाव्या लेनशी स्टॉपवॉच घेऊन उभ्या असलेल्या तिघा पालकांनी आपापली घड्याळं दाबली नव्हती. मुलीनं चष्मा वर करून त्यांना विचारलं, “किती?” तिघेही जमिनीकडे बघू लागले.

“तिसरी आलीस,” सासूबाई पलीकडून ओरडल्या. “मी पाहिलं!”

नियम चौथा गेल्या हिवाळ्यात यादीबाईंच्या दिवाणखान्यात दुपारी तीन वाजता ठरला; बैठकीला सात पालक होते आणि त्यांतल्या कुणालाच सकाळी नऊच्या आत कामावर जावं लागत नव्हतं.