चार बोटांची जागा

मित्रांनो, आधी मला नीट बघून घ्या. निळा रंग, तोही आता जागोजागी पोपडे धरलेला. जाड, दातेरी टायर. डाव्या पेडलवर खरचटल्याची लांब खूण. मी एक जुनी सायकल आहे, डोंगर चढणारी. वय चौदा वर्षं, म्हणजे सायकलीच्या हिशेबात म्हातारपणच.

जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. आठवतो तो खोक्यातला काळोख आणि मग एकदम उजेड, रत्नागिरीतल्या एका दुकानातला. तिथे मला छताला टांगून ठेवलं होतं. लोक मान वर करून बघायचे आणि पुढे जायचे. एके दिवशी साडीतली एक बाई आली आणि माझ्याखाली उभी राहिली ती हलेचना.

"भाच्यासाठी बघताय का, बाई?" दुकानदाराने विचारलं.

"नाही. माझ्यासाठी."

"अहो, ही चढणीची सायकल. हिला बास्केट नाही, कॅरिअर नाही. भाजी कुठे ठेवाल?"

"भाजी खांद्याला अडकवीन," ती म्हणाली. "मला चढणच हवीय."

ती करुणा जाधव. जिल्हा परिषदेच्या शाळेतली शिक्षिका. लग्नाचं तिच्या घरच्यांनी बरंच मनावर घेतलं होतं, पण जमलं नाही, आणि मग तिनेच तो विषय मिटवला. घरी ती आणि तिची आई सुंदराबाई, दोघीच. थोरला भाऊ महेंद्र मुंबईला नोकरीला. घर हमरस्त्याला लागून, आणि रस्त्याने पाच किलोमीटर गेलं की वर सडा. सडा म्हणजे आमच्याकडचं डोंगरमाथ्यावरचं काळं कातळ. उन्हाळ्यात उघडंबोडकं, आणि श्रावण-भाद्रपदात असं फुलतं की चाक कुठे ठेवावं ते कळत नाही.

मी घरी आले त्या दिवशी सुंदराबाई पडवीत तांदूळ निवडत होती. तिने मला नखशिखान्त न्याहाळलं आणि सूप हलवता हलवता गुणगुणली,

*लेकीचा गं माझ्या घोडा, नाही दाणा, नाही पाणी,*
*वारा पिऊन चाकांत, नेतो सड्यावर राणी.*

मला घोडा म्हटलं म्हणून मी रुसले नाही. उलट त्या दिवसापासून ताठ उभी राहायला लागले.

ते माझे कामाचे दिवस. दर रविवारी पहाटे आम्ही निघायचो. चढणीला करुणाचा श्वास माझ्या हँडलवर पडायचा, आणि वर पोचलं की ती मला कातळावर आडवी टाकून स्वतःही शेजारी आडवी व्हायची. शाळेतली मुलं माझे गिअर मोजायची. "बाई, तुमची सायकल आमच्या मास्तरांच्या मोटरसायकलीला मागे टाकील!" असं एक जण म्हणालं होतं. ते खरं नव्हतं, पण मला आवडलं होतं.

मग रस्ता रुंद झाला. ट्रक आधी आवाज करत यायचे, आता वाऱ्यासारखे यायला लागले. एका रविवारी एक ट्रक आम्हाला चाटून गेला. थांबलाही नाही. माझं पेडल खरचटलं आणि करुणाचं गळ्याजवळचं हाड मोडलं. करुणा दवाखान्यातून आल्यावर सुंदराबाई तिच्यापुढे उभी राहिली आणि म्हणाली, "बाय, त्या रस्त्याला परत सायकल घातलीस तर माझं मढं बघशील."

करुणाने शब्द दिला. माझ्यावर गोणपाट पडलं.

गोणपाटाखाली काय दिसतं? काही नाही. ऐकू मात्र येतं. सुंदराबाईचा खोकला ऐकला. तो वाढत गेलेला ऐकला. दोन वर्षांनी एका सकाळी तो थांबला, आणि घरभर माणसं चालल्याचे आवाज आले. सगळे पांगल्यावर करुणा माझ्याजवळ येऊन बसली. "आये," ती हळूच म्हणाली, "मी रस्त्याला सायकल घातली नव्हती गं."

शब्द पाळूनही आई गेली होती. पण शब्द काही आईबरोबर जात नाही. करुणाने तो तसाच ठेवला.

त्यानंतर घरात बोलायला कुणी उरलं नाही, म्हणून ती माझ्याशी बोलायला लागली. संध्याकाळी गोणपाट उचलायची, साखळीला तेल घालायची आणि दिवसभरातलं सगळं सांगायची. असंच एकदा म्हणाली, "मी गाडी घेणार आहे. छोटीच, पण जरा उंच, सड्याचा कच्चा रस्ता चढेल अशी. आणि तू आत मावशील अशी."

मागे लटकवायचा स्टँडही मिळतो हे तिला ठाऊक होतं. पण तिच्या मनात होतं शाळेत जाताना मला घेऊन जायचं आणि शाळा सुटली की परस्पर सड्यावर. दिवसभर मी शाळेच्या आवारात बाहेर टांगलेली राहिले, तर आधी मुलं आणि मग वानरं माझी काय दशा करतील ते तिला दिसत होतं. मागच्याच वर्षी वानरांनी एका मास्तरांच्या स्कूटरची सीट फाडून आतला स्पंज आंब्यावर नेऊन ठेवला होता.

महेंद्रला हे पटलं नाही. तो फोनवर म्हणाला, "सायकलीसाठी गाडी? गाडी माणसांसाठी घेतात, करुणा. आम्ही पाच जण मे महिन्यात येतो, आम्ही काय टपावर बसू? सात सीटवाली घे."

"मे महिन्यात आठ दिवस येता, दादा. उरलेलं वर्ष त्या सहा सीटांवर कोण बसणार?"

"बघ बाबा, तुझं तू," म्हणून त्याने फोन ठेवला.

आमच्या शेजारी भिकाजीकाका राहतात. सुंभ वळण्यात त्यांचा हात कुणी धरत नाही. मला मोजायला करुणा शाळेतली टेप आणणार म्हणाली, तेव्हा त्यांना रागच आला.

"टेप कशाला गो? टेप वाकते, सरकते. हे घे माझं सुंभ."

त्यांनी माझं पुढचं चाक काढलं, पुढच्या चिमट्याच्या टोकापासून मागच्या टायरपर्यंत सुंभ ताणलं, आणि बरोबर तिथे कापून दिलं. "जिथं हे सरळ मावेल, तिथं तुझी सायकल मावेल. भिकाजीचं माप हाय."

ते सुंभ रेनकोटाच्या खिशात घालून करुणा शाळेत जायच्या स्कूटरवरून शोरूम हिंडली. रात्री येऊन मला सांगायची. एका गाडीत मागची सीट पडायची, पण मधे पायरीसारखा उंचवटा राहायचा. दुसरीत जागा ऐसपैस, पण मागच्या दाराचं तोंड बुटकं. माझं हँडल अडकलं असतं. तिसऱ्या ठिकाणी शमिका नावाची मुलगी होती, हसरी.

"फॅमिली किती जणांची, मॅडम?"

"दोघींची. मी आणि माझी सायकल."

शमिकाने कागदावर खरंच 'दोन' लिहिलं. तिथली गाडी छोटी, पांढरी. मागची सीट पाडली की चटईसारखी सपाट. "सायकल आणून ठेवून बघितली तर?" करुणाने विचारलं.

"नको ना मॅडम. ही दाखवायची गाडी. ग्रीस लागलं तर मला ओरडतील."

बाहेर श्रावणाची सर कोसळून गेली होती आणि करुणा भिजून आली होती. तिने खिशातलं सुंभ काढलं, पिळलं आणि गाडीत ताणून धरलं. बरोबर मावलं. तिने गाडी ठरवून टाकली.

गाडी दारात आली तेव्हा भिकाजीकाका नारळ घेऊन हजर. "तुमच्यात फोडत नाय ते ठाऊक हाय. पण मी आणलाय."

"फोडा काका. खोबरं सगळे मिळून खाऊ."

मग माझी पाळी. सुंदराबाईची गोधडी आत अंथरली. माझं पुढचं चाक काढलं, गिअरची बाजू वर करून मला आडवं केलं आणि आत सरकवलं. दार खाली ओढलं. बसेना. पुन्हा ओढलं. माझं मागचं टायर बाहेर राहत होतं. फार नाही, चार बोटं.

"माझं माप चुकायचं नाय," म्हणत काकांनी सुंभ माझ्या अंगावर ठेवलं. तेही चार बोटं कमी! त्यांनी ते बोटांत चुरगाळून बघितलं. "हे भिजवलंस काय गो?"

"पावसात गेले होते."

"भिजलं की सुंभ आखडतं! वाळलं तरी परत पूर्वीसारखं व्हायचं नाय. एवढी शाळा शिकवतेस आणि हे ठाऊक नाय?"

"तुम्ही तरी सांगायचं होतंत!"

"मला काय ठाऊक तू रत्नागिरीत श्रावणात छत्रीशिवाय हिंडशील!"

दोघं हसली. पण हसू लवकर संपलं. करुणाने शमिकाला फोन लावला. ती म्हणाली, "मॅडम, पुढची डावी सीट पूर्ण पुढे घ्या आणि पाठ पुढे वाकवा. मावेल." करुणाने तसं केलं. मी आत सरकले, दार बसलं. मी मनात टाळ्या वाजवल्या.

करुणा जाऊन स्टिअरिंगशी बसली आणि तिने डावीकडे बघितलं. सीट डॅशबोर्डावर कपाळ टेकून बसल्यासारखी वाकली होती. तिथे आता कुणालाही बसता येणार नव्हतं. ती खाली उतरली, मला बाहेर काढलं आणि सीट होती तशी केली.

"का गो?"

"तिथे माणूस बसतं, काका."

"कोण बसतं?" काका सहज बोलून गेले. मग त्यांचंच त्यांना कळलं, आणि ते नारळाच्या करवंट्या गोळा करायला लागले.

महेंद्रचा फोन आला, तेव्हा तिने त्याला चार बोटांचं सांगितलं. "मी सांगत नव्हतो? आता दे ती सायकल भंगारात. रविवारी आयेच्या स्मृतिदिनाचं पुण्यानुमोदन, आम्ही सगळे येतोय. स्टेशनवर घ्यायला ये."

करुणा खुलली. दारावरून जाणाऱ्या भंगारवाल्या बाबल्याला तिने सोमवारी यायला सांगितलं. त्याने माझ्या नळीवर टिचकी मारली. "ॲल्युमिनिअम हाय, बाई. झकास." टिचकीचा आवाज माझ्या अंगभर फिरला. मला वाईट वाटलं, पण खोटं कशाला बोलू, तिचा आनंद बघून थोडं बरंही वाटलं. चार दिवस ती भावाच्या मुलांसाठी लाडू वळत होती.

रविवारी सकाळी ती स्टेशनवर गेली आणि एकटीच परत आली. गावातली माणसं जमली, बुद्धवंदना झाली, सगळे जेवले, आपापल्या घरी गेले. दुपारी फोन वाजला.

"सुट्टीच नाही गं मिळाली. पोरांच्या परीक्षा पण आल्या. पुढच्या वेळी येतो, नक्की येतो."

"बरं, दादा."

ती रडली नाही. भांडी घासली. मग अंगणात गाडीत जाऊन बसून राहिली, बराच वेळ. मी पडवीतून बघत होते. तिने डाव्या सीटवर हात ठेवला, उशीवर ठेवावा तसा. मग खाली वाकून खटका ओढला. सीट पुढे सरकली आणि वाकली.

हमरस्त्यावरून मी पहिल्यांदाच आडवी होऊन गेले. ट्रक बाजूने घोंघावत गेले. "आये, चाकं रस्त्याला लागली नाहीत हं," करुणा म्हणाली, आणि शेजारी कुणी नव्हतं म्हणून तिला ते मोठ्याने म्हणता आलं.

सडा पिवळ्या-जांभळ्या फुलांनी भरला होता. तिने माझं चाक बसवलं. पहिल्या चढावालाच ती धापा टाकायला लागली. माझीही साखळी कुरकुरत होती. वर माणूस नव्हतं, जनावर नव्हतं, नुसता वारा. आनंद झाला का म्हणून विचाराल, तर झाला. पण एकटेपण गेलं का म्हणाल, तर नाही. ते आमच्याबरोबरच चढलं होतं.

सोमवारी बाबल्या आला. "सायकल काढा, बाई."

"सायकल नाही देत."

"मग मला फुकट चालवलंत का?" करुणाने त्याला उरलेले लाडू दिले.

मित्रांनो, तुमच्या घरची सायकल जपा. तिच्या साखळीला तेल घाला, पावसात उभी करू नका, आणि मुख्य म्हणजे तिला चालवा. मला गोणपाटाखालीही तेल मिळत होतं, पण तेलाने कुणी सायकल होत नाही. आणखी एक मागणं आहे, ते माझ्यासाठी नाही. तुमचीही एखादी आत्या गावी एकटी राहत असेल. तिच्या घरून निघताना आपण 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. तसं म्हणालात ना? मग या. आमच्या गाडीतली डावी सीट मागे घ्यायला करुणाला पळभरसुद्धा लागणार नाही. मला खाली उतरवावं लागेल, तर उतरवू दे. मी पडवीत थांबेन. मला थांबायची सवय आहे.