बपेऱ्यापर्यंतची गाडी

आमच्या घरी पहिली चारचाकी घ्यायचं ठरलं आणि त्याच दिवशी घरात दोन पक्ष पडले. धाकटा भाऊ धनंजय टर्बोचा, मी हायब्रीडची. त्याच्या गाडीचं पेट्रोल इंजिन लहानसंच, पण टर्बोमुळे पाय दाबला की उसळी मारायचं. माझ्या गाडीत इंजिनाच्या जोडीला बॅटरीवरची मोटर होती, त्यामुळे गर्दीत हळू चालताना इंजिन गप्पच असायचं. मी तुमसरच्या शाळेत विज्ञान शिकवते, आणि घरातल्या भांडणातसुद्धा पुरावा मागायची मला खोड आहे. ताईशी भांडण्यापेक्षा कोर्टात जाणं सोपं, असं धनंजय सगळ्यांना सांगत फिरतो.

बाबा आमचं दोघांचंही ऐकून घ्यायचे आणि शेवटी एकच बोलायचे. "जे गाडी तुमच्या आईले बपेऱ्याले धड पोचवन, तेच घेऊ."

बपेरा काही जगाच्या टोकाला नाही. तुमसरहून निघालं की सिहोरा, पुढे चुल्हाड, मग बपेरा. पण आईला गाडी लागते. एसटी असो, जीप असो, सिहोरा यायच्या आत तिच्या पोटात ढवळायला लागायचं. बपेऱ्याला तिची मोठी बहीण, रुखमामावशी. आई तिथे पोचायची ती थेट खाटेवर, आणि अख्खा मुक्काम डोळे मिटून काढून तशीच परत यायची. शेवटी तिनं जाणंच सोडलं, मग मावशीच आमच्याकडे येऊ लागली. हिवाळ्यात मावशी न्हाणीत पडली, खुबा मोडला आणि तेव्हापासून अंथरुणावर आहे. आई रोज तिला फोनवर म्हणायची, "येतो ना बाई, येतो," आणि फोन ठेवला की कितीतरी वेळ तशीच बसून राहायची. मला ते बघवत नसे.

पहिल्यांदा भंडाऱ्याच्या शोरूमवाल्यानं हायब्रीड चालवून बघायला दारात आणली. चालवायला धनंजय, त्याच्या बाजूला बाबा. मागं एकीकडे मी, दुसरीकडे शोरूमचा माणूस आणि मधे आई, डोक्यावरून पदर घेतलेली, डोळे गच्च मिटलेली. गाडी निघाली ती इतकी मुकाट की गल्लीतल्या कुत्र्यानं मानसुद्धा वर केली नाही. मी मनातल्या मनात पेढे वाटले. सिहोऱ्याच्या अलीकडे राईस मिलचा उकडलेल्या धानाचा वास आला, आईनं माझा हात दाबला आणि धनंजयनं गाडी कडेला घेतली.

"पाहिलं काय?" आईला पाणी देतानाही त्याला राहवेना. "ब्रेक मारला का हे गाडी मागं खेचते. बॅटरी भरून राहिली ना ते. मंग पोटात कालवन नाई तर काय होईन?"

चिडचिड झाली, कारण त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. ब्रेकच्या जोरावर बॅटरी भरते आणि ती ओढ कुणाकुणाला सोसत नाही, हे मी वाचलं होतं.

पुढच्या रविवारी टर्बो आली. बाबा एका लग्नासाठी पवनीला गेले होते. शोरूमकडून रक्षा नावाची चुणचुणीत मुलगी आली होती. गाडीची माहिती मला सांगायची म्हणून ती माझ्याबरोबर मागं बसली आणि आईला म्हणाली, "मावशी, तुमी समोर बसा ना." आई संकोचली, पण बसली.

धनंजयनं काय गाडी हाणली! दर ट्रकला ओव्हरटेक, दर ओव्हरटेकला ती उसळी. मलाच मळमळायला लागलं. राईस मिल गेली, सिहोरा गेलं, आणि आई बोलायची थांबेना. हे शेत कुणाचं, या बोडीच्या पाण्यात शिंगाडे किती व्हायचे, हा रस्ता कधी झाला. चुल्हाडला रक्षानं गाडी वळवायला सांगितली तेव्हा आईच हिरमुसली. "बपेरा तं आलाच ना वो," ती म्हणाली. पण दुपारी गाडी दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे न्यायची होती.

निकाल लागला. धनंजयनं रात्रीच्या जेवणापर्यंत गाडीचा रंगही ठरवला. हरल्याचं दुःख मला होतंच, खोटं कशाला बोलू? पण त्याहून जास्त मला ते पटेना. ज्या गाडीत माझं डोकं गरगरलं, तिच्यात आई ठणठणीत कशी? तिच्या पोटाला टर्बो कळतो की काय?

दुसऱ्या दिवशी आई भाजी निवडत होती. मी विचारलं, "आई, लहानपणी बैलगाडीत लागत होतं का तुला?"

"बैलगाडीत कायले लागन? मी तं आबांजवळ समोर बसत होती. बैल हाकाले."

"आणि एसटीत?"

"एसटीत दरवेळी. एकडाव मातर नाई लागली. लय गर्दी होती, मंग ड्रायव्हरनं इंजिनाजवळ बसवलं होतं."

माझ्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली. मुलांना मी घसा कोरडा होईपर्यंत सांगते की प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदला. आणि आम्ही गाडी बदलली, तेव्हा आईची जागाही बदलली होती. पुढं बसून रस्ता दिसला की डोळ्यांचं आणि पोटाचं जमतं, मागं डोळे मिटून बसलं की बिनसतं. आमच्याकडे पुढची जागा बाबांची, जावई आले तर जावयांची. तसा नियम कुणी केला नव्हता. आईची काळजी म्हणून आम्ही तिला मागं, मधोमध, दोघांच्या आधारानं बसवत आलो होतो.

संध्याकाळी मी हे सगळ्यांसमोर सांगितलं. धनंजयचा चेहरा पडला. बाबांनी चहाचा कप खाली ठेवला.

"म्हंजे इतके वर्सं मीच इले बिमार पाडून राहिलो होतो?"

"तुमी काय मुद्दाम करत होते काय जी?" आई म्हणाली. पण तिचा आवाज नेहमीचा नव्हता. बाबांकडे न बघता ती उठून आत गेली.

बाबांनीच शोरूमला फोन करून हायब्रीड पुन्हा मागवली. या खेपेला ते स्वतःहून मागच्या दारानं आत बसले. आई पुढं. सिहोरा ओलांडलं तरी तिला काही झालं नाही. बाबा मात्र मागून सारखे विचारत होते, "आता कसं वाटून राहिलं?" शेवटी आई म्हणाली, "तुमी बोलू नोका, मले रस्ता पाहू द्या."

आता दोन्ही गाड्या बरोबरीच्या. मला वाटलं, आता मायलेज बोलेल आणि हायब्रीड जिंकेल. आईला विचारलं तर ती लगेच म्हणाली, "ते धनूवाली. तिच्यात उंच बसाले भेटते. लांबवर दिसते." माझ्याकडे मायलेजचं सगळं गणित तयार होतं, ते या पुराव्यापुढं मी बाजूला ठेवलं. धनंजयची फुशारकी मी महिनाभर ऐकून घेतली.

गाडी आली आणि पहिल्याच रविवारी आम्ही बपेऱ्याला गेलो. मावशीनं सुनेकडून आपल्या खाटेशेजारी दुसरी खाट टाकून घेतली होती, उशी, चादर सगळं तयार. आई आत आली की आडवी होणार हे तिला पाठ होतं.

"लय लागली काय वो, सुलोचने? पड थोडी."

आई त्या खाटेकडे गेलीच नाही. ती मावशीच्या पायांशी बसली आणि त्यांच्यावरून हात फिरवू लागली.

"नाई लागली, बाई. समोर बसली होती मी."

मावशीनं विचारलं, "एवढंच?"

"एवढंच होतं, बाई," आई म्हणाली, आणि पुढे सरकून मावशीच्या कुशीत तोंड लपवून लहान मुलीसारखी रडू लागली.